बावडी मोजणारी वंदना

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोंभुर्ण्याला होते. वाचनालयाच्या इमारतीचा स्लॅब पडत होता, मिक्सरचा आवाज कानठळ्या बसवत होता आणि तिच्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं बोलणं मला तीनदा विचारावं लागलं. "ताई, बाई गेली," तो म्हणाला. विदर्भात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी "हो" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि मिस्त्रीला सांगितलं, कोपऱ्यातलं काँक्रीट नीट बसलेलं नाही, पुन्हा ठोक. मग लक्षात आलं की डोळे कोरडे आहेत आणि मनात एकच विचार आहे... आता हिला कोणीच मागे टाकू शकणार नाही. जिवंत माणसाशी निदान स्पर्धा तरी करता येते.

असं लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही तिच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण, तुम्हीच लिहा" असं सांगितलं, आणि जुन्या मैत्रिणीने खोटं लिहिलं तर ते वंदनाला कागद न उलगडता कळलं असतं. म्हणून आधीच सांगते. चाळीसहून अधिक वर्षं मी वंदनावर जळत आले. तिच्यावर माझं प्रेमही होतं, पण ते तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं. जळणं मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी समजत होते.

पोंभुर्ण्याहून मी चंद्रपूरला पोहोचले तोवर तिला घेऊन माणसं निघाली होती. परकोटाच्या, म्हणजे गोंडकालीन तटबंदीच्या, आतल्या आमच्या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद आहेत, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. त्या गल्लीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं मावत नव्हती. भाजीवाल्या बायांनी बाजार बंद ठेवला होता. तो बाजार माझा आहे, म्हणजे त्याचा नकाशा माझा आहे, आणि माझ्यासाठी तो कधी एक तासही बंद राहणार नाही. मी घोळक्याच्या टोकाला उभी राहून माणसं मोजत होते. माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, असा हिशेब मनात चालला होता. शेजारची एक म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, "रडू नको बाई, रडू नको." मी रडत नव्हते.

आम्ही दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर. माझ्या वडिलांचं मेन रोडवर कापडाचं दुकान होतं. तिचे वडील पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडायला-बंद करायला सायकलवरून गावभर फिरायचे. कोणत्या गल्लीच्या पोटातून कोणती नळी जाते हे त्यांना पाठ होतं आणि त्यांच्यामागे कॅरिअरवर बसून फिरणाऱ्या वंदनालाही. सातवीत चित्रकलेच्या सरांनी आम्हाला परकोटाच्या दरवाजासमोर नेऊन बसवलं. मी पट्टी, कंपास, रंगपेटी सगळं घेऊन गेले होते. वंदनाकडे एक पेन्सिल होती आणि ती पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून ती दगड मोजत बसली. तास संपला तेव्हा माझ्या कागदावर सुंदर आकाश होतं. तिच्या कागदावर दरवाजा होता. सर तिचा कागद हातात घेऊन दरवाजाकडे पाहत राहिले. मी आजवर अनेक परीक्षकांसमोर माझी कामं ठेवली. तसं पाहणं माझ्या वाट्याला आलं नाही.

बारावीनंतर मी नागपूरला आर्किटेक्चरला गेले. तिला तिथवर पाठवणं घरच्यांना जमणारं नव्हतं. ती आयटीआयला सिव्हिलची ड्राफ्ट्समन झाली आणि ट्रेसर म्हणून काम करू लागली. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारी. मला वाटलं, चला, फिटलं. आता आमच्यात बरोबरीच उरली नाही. नागपूरहून परत येऊन मी ऑफिस थाटलं तेव्हा पहिली नेमणूक तिचीच केली. लोकांना वाटलं मैत्री जपली. मैत्री होतीच. पण ती माझ्या टेबलासमोर खालच्या स्टुलावर बसून माझ्या रेषा गिरवते आहे, हे बघताना आतून जे गार वाटायचं, त्याला मैत्री म्हणत नाहीत.

तेही सुख फार टिकलं नाही. घर बांधायला आलेली माणसं माझ्याशी अर्धा तास बोलायची आणि जाता जाता तिच्या टेबलापाशी थांबायची. "वंदनाबाई, तुमाले काय वाटते?" आणि ती खाली मान घालूनच सांगायची, "पश्चिमेची खिडकी लहान करा. आपल्या इथचं ऊन पुस्तकातलं नोहे. आणि अंगणातली विहीर बुजवू नका वं, कूलर लावून लावून किती लावाल?" माणसं विहीर ठेवायची. उन्हाळ्यात येऊन सांगायची, घर थंड आहे. मला सांगायची नाहीत, तिला सांगायची.

आता त्या बावडीकडे येते, कारण वंदनाची गोष्ट तिथेच आहे आणि माझीही.

जुन्या भाजीबाजाराच्या मागे एक उकिरडा होता. दोन कमानींचे माथे तेवढे वर दिसायचे, बाकी सगळा मलबा, प्लास्टिक, सडकी भाजी. खाली गोंडराजांच्या काळातली पायऱ्यांची विहीर आहे, एवढं म्हातारे सांगायचे. शहर बाहेर चहूकडे वाढत होतं, कोळशाच्या खाणींच्या आणि वीज केंद्राच्या वसाहती कधीच परकोट ओलांडून गेल्या होत्या, आणि आतल्या वस्तीत गाडी लावायला जागा नव्हती. तिथे तीन मजली बाजार आणि तळघरात पार्किंग, असं काम निघालं आणि ते मला मिळालं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. बावडी बुजवून तळघर घ्यायचं होतं. जागेची मोजणी मी वंदनाला दिली.

ती आठ दिवस त्या उकिरड्यात होती. नाकाला ओढणी बांधून, टेप घेऊन, भाजीवाल्या बायांना सोबत घेऊन. नवव्या दिवशी तिने माझ्या टेबलावर शीट पसरली आणि बसायलाही न थांबता म्हणाली, "सुलभा, हे बुजवता येत नाई."

"का?"

"इथी एक मोरी येते. दगडी. वरच्या तीन गल्ल्यांचं पावसाचं पाणी आजही जमिनीतून इथी येते. बावडी बुजवली तर ते पाणी कुठी जाईन? लोकांच्या घरात जाईन. तुह्या तळघरातही जाईन."

मी शीट पाहिली. ती बरोबर होती. रेघ बघूनच कळत होतं, जसं तेव्हा सरांना कळलं होतं. मी मान्य केलं असतं तर नकाशा त्याच दिवशी बदलला असता. पण मी म्हणाले, "मोरी जुनी आहे, कधीच बुजली असेल. पंप बसवू. तू मोजायला गेली होतीस, सल्ला द्यायला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... एखादी भिंत ओळंब्यात नाही हे दिसल्यावर ती जशी बघायची, तशी. मग शीटची घडी न घालता तिची गुंडाळी केली, काखेत मारली आणि निघून गेली. स्टूल रिकामं झालं. मी दुसऱ्या दिवशी तिथे फायली ठेवल्या.

पालिकेत हरकतींवर सुनावणी ठेवली गेली तेव्हा वस्तीतल्या बाया वंदनाला पुढे घालून आल्या. सभागृहात पंखे फिरत होते, त्यात तिची शीट फडफडत होती आणि दोन बाया दोन टोकं धरून उभ्या होत्या. ती तिच्या बोलीत, हळू, एकेक गल्ली सांगत होती. कुठला उतार कुठे, कुणाच्या उंबऱ्याला किती पाणी लागेल. अधिकारी ऐकत होते. खरोखर ऐकत होते, हातातलं पेन खाली ठेवून. माझं सादरीकरण चालू असताना त्यांनी फोन पाहिला होता. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, एक गोष्ट नोंदीवर असावी. या बाई आर्किटेक्ट नाहीत. माझ्याकडे ट्रेसर होत्या."

ते वाक्य मी प्रमाण मराठीत, अगदी सौम्य आवाजात बोलले. त्यात आणखी काय काय होतं ते त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळलं. कापडाच्या दुकानाने व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते दाखवलं होतं. आणि आमच्या गावात अशा दाखवण्याला जातीचाही वास असतो, तो मला आला नाही असं मी म्हणणार नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

वंदना म्हणाली, "बरोबर हाये साहेब. मी ट्रेसरच. मनानं काई काढत नाई. जे हाये तेच काढते. तुमी या ना पाहाले."

आणि ते आले. आठवड्याने, सकाळी. तोवर बायांनी बावडीचा एक कोपरा उपसून ठेवला होता आणि दगडी भिंतीत मोरीचं तोंड उघडं पडलं होतं, कोरडं, हातभर रुंद. वंदनाने वरच्या गल्लीत तिच्या घरासमोर, मोरी जिथे सुरू होते तिथे, चार-पाच ड्रम पाणी भरून ठेवलं होतं आणि त्यात गेरू कालवला होता. तिने खालून मिलिंदला हाक दिली. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आम्ही सगळे त्या तोंडाकडे बघत उभे. अधिकारी, बाया, भाजीवाले, दोन-तीन पत्रकार. मी कमानीच्या सावलीत होते. तेव्हा मी काय करत होते ते आज पहिल्यांदा सांगते. पाणी येऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. वरच्या तीन गल्ल्या बुडाल्या तरी चालतील, माझं तळघर बुडालं तरी चालेल, पण ही बाई आज इथे, इतक्या लोकांदेखत, खोटी पडावी. पाच मिनिटं गेली असतील. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

आणि भिंतीच्या तोंडातून आधी थोडी माती आली, मग एक बारीक लाल धार.

बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. वंदना खाली वाकून त्या धारेखाली हात धरून उभी होती. तिचा तळहात लाल झाला होता आणि ती हसत होती. माझ्याकडे पाहून नाही. पाण्याकडे पाहून. ती मला हरवायला आलीच नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं आणि तेच जास्त लागलं.

नकाशा बदलावा लागला. तळघर गेलं, एक मजला गेला, पार्किंग परकोटाबाहेर हलवलं. बावडी मधोमध उघडी ठेवून तिच्याभोवती बुटका बाजार, जाळीच्या भिंती, वरून उतरती छपरं. लोक म्हणतात ती माझी सगळ्यात चांगली इमारत आहे. मलाही तसं वाटतं. गाळ उपसल्यावर आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहू लागलं आणि मे महिन्यात, जेव्हा चंद्रपुरात चपलेखाली डांबर वितळतं, तेव्हा भाजीवाल्या बाया दुपारी त्या पायऱ्यांवर बसून डबे खातात. या कामाला राज्याचा पुरस्कार मिळाला. मंचावर मी जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबद्दल, वारशाबद्दल, शहराने कसं वाढावं याबद्दल बोलले. बोललेलं बहुतेक सगळं वंदनाचं होतं, फक्त भाषा शुद्ध केलेली. तिचं नाव मी घेतलं नाही. बाजाराच्या पाटीवरही ते नाही, आणि ती पाटी माझ्या ऑफिसातून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा पुरस्कार घेतानाचा आणि शेजारी बावडीचा फोटो आला. सकाळीच तिचा मेसेज. मी उघडायला घाबरले. लिहिलं होतं, "सुलभा, पायऱ्यांचा फोटो उलटा छापला वं त्यानं. डावी बाजू उजवीकडे गेली. फोन करून सांग." एवढंच. मी अभिनंदन शोधलं, टोमणा शोधला. दोन्ही नव्हतं. फोटो खरंच उलटा होता. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर बोलणं पुन्हा सुरू झालं, आपोआप, रस्त्यात भेटल्यावर. ती घरूनच काम करायची आणि उरलेल्या वेळात परकोटाच्या आतली सगळी जुनी वस्ती मोजायला निघाली होती. बावड्या, मोऱ्या, पार, चौक, भिंतीला लागून उभी राहिलेली घरं. शहराचा नवा विकास आराखडा होणार होता आणि जे कागदावर नसतं ते रस्ता रुंद करताना पहिलं जातं, हे तिला कळलं होतं. "गाव वाढलंच पायजे," ती म्हणायची, "पोरं कुठी राह्यतील मंग? पण जुन्या गावाले पाणी कसं जिरवाचं ते मालूम हाये. त्याले विचारून वाढा, एवढंच म्हणून राह्यली मी." कोणी तिला हे काम दिलं नव्हतं. मी एकदा विचारलं, हे करून तुला काय मिळणार? तिला प्रश्नच कळला नाही.

तिच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची भेट दिवाळीनंतरची. तिच्या दोन खोल्यांच्या घरात बसायला जागा नव्हती. पलंगाभोवती बाया, कोणी पेज घेऊन आलेली, कोणी नुसतीच बसलेली. त्या दिवशीसुद्धा मला वाटून गेलं, की आपण आजारी पडलो तर नर्स असेल. बायांना तिनेच बाहेर पाठवलं. खूप वाळली होती, डोळे तेवढे तसेच, मापं घेणारे. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम विचारलं, "वंदना, तू माझ्यावर रागावली होतीस ना? त्या सुनावणीनंतर?"

"रागावली ना. खूप रागावली. चार दिवस जेवण गेलं नाई."

"मग?"

"मंग गेरू आणाले जाचं होतं."

आम्ही दोघी हसलो. हसण्याने तिला कळ आली, मी पाणी दिलं. मग मला जे आयुष्यभर विचारायचं होतं ते विचारलं. मी नागपूरला गेले, माझं ऑफिस झालं, गाडी झाली, पुरस्कार झाला. "तुला कधी माझा हेवा वाटला नाही का गं?" मला "हो" हवं होतं. तिच्या तोंडून एक "हो" आला असता तर आमचा तराजू थोडा तरी सरळ झाला असता. ती खरोखर आठवून पाहत होती, छताकडे बघत. मग जरा ओशाळल्यासारखी म्हणाली, "नाई वं... टाईमच नाई भेटला."

मी घरी आले आणि त्या "टाईमच नाई भेटला" वर इतकी चिडले की दोन आठवडे तिच्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या आठवड्यात पोंभुर्ण्याला स्लॅब होता.

ती गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी मिलिंदने एक जाड गुंडाळी माझ्या हातात दिली. सगळ्या वस्तीच्या मोजणीच्या शीट्स. परकोटाला लागून असलेला एक तुकडा तेवढा राहिला होता. "बाईनं सांगतलं, ताईलेच दे. आराखड्याले जोडाचं हाये म्हणे." मी काय केलं? मी चूक शोधायला बसले. खरंच सांगते. तीन दिवस भिंग घेऊन शीट्स तपासल्या, चौथ्या दिवशी टेप घेऊन गल्ल्यांत उतरले आणि एकेक आकडा पडताळू लागले. बारा दिवस एकही चूक सापडली नाही. तेराव्या दिवशी, एका लहानशा चौकात, पाराच्या कट्ट्याची उंची तिने लिहिली होती त्यापेक्षा चार बोटं कमी भरली. मी पुन्हा मोजली. कमीच. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि तिचा नंबर लावला. वाजला. उचलला गेला. मी म्हणाले, "वंदने, चुकलं वं तुझं!"

पलीकडे मिलिंद होता. तिचा फोन त्याच्याकडे होता. मी कुठल्या चौकात आहे तेवढं त्याला सांगितलं. कट्ट्यावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती आणि पोंभुर्ण्याला, घाटावर, जलदानाला जे रडू आलं नव्हतं ते तिथे, भर चौकात, आलं... तिला हरवल्याचं ज्या एका माणसाला सांगायचं होतं, ते माणूसच नव्हतं.

मिलिंद सायकल घेऊन आला. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. त्याच्या बहिणीने मोजलं त्यानंतर चौकात सिमेंटचा नवा थर पडला होता, जमीन तेवढी वर आली होती. कडेचं सिमेंट फोडून आम्ही मूळ फरशीपासून मोजलं. तिचा आकडा बरोबर होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर छान दिसेल. थोडं वाटलं.

राहिलेला तुकडा आता मी मोजते आहे. रोज सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी. मिलिंद टेप धरतो आणि आकडा मोठ्याने बोलतो, मी तो मोठ्याने परत बोलते आणि मग लिहिते. वंदनाने त्याला तसंच शिकवलं होतं, दोघांनी उच्चारल्याशिवाय आकडा कागदावर घ्यायचा नाही. पहिले काही दिवस मला गल्लीत असं ओरडायला लाज वाटायची. गेल्या आठवड्यात भिंतीच्या सावलीत आम्ही असे आकडे ओरडत असताना, नुकतीच लग्न होऊन वस्तीत आलेली एक मुलगी दारात येऊन बघत राहिली. माझे पांढरे केस, हातात शीट, कपाळावर घाम. तिने मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारण नव्हतं.

"काकू, कशाची मोजणी करून राह्यल्या? कोणाकडे काम करता तुमी?"

मी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हटलं, "वंदनाबाईंकडे."